दोन वेळा ब्रश करूनही हिरड्या खचतात, मग राखुंडीवाल्या बाबांच्या का नाही?

कोकमसरबत | सोमवार, रात्री ९:४०

वय ४३. दिवसातून दोनदा ब्रश, जेवल्यावर चूळ, तंबाखू नाही, विडी नाही, सुपारी लग्नाच्या विड्यात असेल तेवढीच. गेल्या आठवड्यात दाढेत पेरूची बी अडकली म्हणून दाताच्या डॉक्टरांकडे गेलो. बी मिनिटात निघाली. मग बाईंनी खुणा केलेली एक बारीक सळई घेतली, ती हिरडी आणि दात यांच्या फटीत ठिकठिकाणी घातली आणि असिस्टंट मुलीला आकडे सांगायला लागल्या. "तीन, दोन, तीन. चार, तीन, पाच. सहा." सहाला त्या मुलीनं लिहिता लिहिता मान वर करून माझ्याकडे बघितलं. सहा हा काही बरा आकडा नाही हे मला तिथेच कळलं.

निदान: पायरिया. एक्स-रेमध्ये दोन दाढांमधलं हाड खाली गेलेलं मलासुद्धा दिसलं. मी म्हटलं, अहो मी नेमाने घासतो. तर म्हणाल्या, "काही जंतूंकडे व्हिरुलन्स फॅक्टर असतात, आणि काही माणसांना ते जास्त बाधतात."

आता माझं दुखणं ऐका. आमचे बाबा ७६ वर्षांचे. आयुष्यभर राखुंडी आणि उजव्या हाताचं बोट. ब्रश साठीनंतर हातात घेतला, तोही सुनेनं आणून दिला म्हणून. माणूस अजून ऊस दातांनी सोलतो. त्यांच्या तोंडात जंतू नव्हते का? की त्यांच्या वेळचे जंतू सज्जन होते? हे व्हिरुलन्स फॅक्टर म्हणजे नक्की काय प्रकरण आहे ते कुणी मराठीत सांगेल का? पुढच्या आठवड्यात क्लीनिंगच्या चार सिटिंगची तारीख दिली आहे, त्याआधी कळलं तर बरं.

टवाळ_मावळा | सोमवार, रात्री ९:५२

चुरमुरे घेऊन बसलोय. हिरड्यांना सोसतील तेवढेच.

गोदाकाठ | सोमवार, रात्री १०:१५

एक प्रेमाचा सल्ला. क्लीनिंग करू नका. माझ्या मेव्हण्याने केलं आणि महिन्याभरात खालचे पुढचे दात हलायला लागले, फटी पडल्या त्या वेगळ्या. आधी एकदम घट्ट होते. एकदा सुरू केलं की दर सहा महिन्यांनी करावं लागतं, हा धंद्याचा भाग आहे. मीठ आणि मोहरीच्या तेलाने हिरड्या चोळा, बघा फरक.

दंतकथा | सोमवार, रात्री ११:०५

गोदाकाठ, तुमच्या मेव्हण्यांचं दुखणं मी आठवड्यातून दोनदा ऐकते, म्हणून जरा सविस्तर लिहिते. (हो, पेशाने दातांचीच. हिरड्या हाच विषय.)

खालच्या पुढच्या दातांच्या आतल्या बाजूला जिभेखालची लाळ सतत येते आणि तिथे किटाचा दगड झपाट्याने बनतो. वर्षानुवर्षांत तो इतका वाढतो की सहा दात सिमेंटने एकत्र बसवल्यासारखे दिसतात. खालून हाड गेलेलं असतं, पण दगडाने धरून ठेवलंय म्हणून दात घट्ट वाटतात. आम्ही दगड काढला की खरी परिस्थिती उघडी पडते. फटी आधीपासून होत्याच, त्या किटाने बुजल्या होत्या. पडक्या भिंतीवरचं कॅलेंडर काढलं आणि भेग दिसली, तर भेग काही कॅलेंडर काढणाऱ्याने पाडलेली नसते.

आता मूळ प्रश्न. जंतूंच्या थराने हिरड्या सुजतात हे १९६५ साली डेन्मार्कमध्ये फार साध्या पद्धतीने सिद्ध झालं. हॅरल्ड लो आणि सहकाऱ्यांनी निरोगी हिरड्यांच्या १२ जणांना दात घासायचं बंद करायला सांगितलं. दहा ते एकवीस दिवसांत सगळ्यांच्या हिरड्या सुजल्या. पुन्हा घासायला लागल्यावर आठवड्याभरात पूर्ववत झाल्या. इथपर्यंत सगळी माणसं सारखीच. पण सुजलेली हिरडी ही एक गोष्ट झाली आणि खालचं हाड झिजणं ही दुसरी. पहिली सगळ्यांना होते, दुसरी सगळ्यांना सारखी होत नाही. कोकमसरबत, तुमचा आणि तुमच्या बाबांचा फरक या दोन पायऱ्यांच्या मध्ये आहे.

जंतूंचं मी अर्धवट सांगण्यापेक्षा आगर_प्लेट ताईंनी लिहावं. त्या इथे असतात, मला माहीत आहे.

शंकासुर | मंगळवार, सकाळी ७:२०

हिरड्यांतून रक्त म्हणजे क जीवनसत्त्व कमी, असं शाळेत शिकलो होतो. मार्क पण मिळाले होते. ते खोटं?

दंतकथा | मंगळवार, सकाळी ९:१०

@शंकासुर, खोटं नाही. स्कर्व्हीत रक्त येतंच. पण भाजीला लिंबू पिळून खाणाऱ्या घरात रक्त आलं तर आधी किटाकडे बघा. आमच्याकडे येणाऱ्या शंभरातल्या जवळपास सगळ्यांचं रक्त किटामुळे येत असतं. मार्क परत करायची गरज नाही.

आगर_प्लेट | मंगळवार, दुपारी २:३०

बोलावलंत म्हणून आले. मी सूक्ष्मजीवशास्त्राची, काही वर्षं या एका जंतूबरोबरच संसार केला आहे.

त्याचं नाव पोर्फिरोमोनास जिंजिव्हॅलिस. लांबलचक आहे म्हणून आपण त्याला 'पोजि' म्हणू. हा हवेला घाबरतो. ऑक्सिजन चालत नाही म्हणून तो दाताच्या उघड्या पृष्ठभागावर न राहता हिरडीखालच्या फटीत जातो. प्रयोगशाळेत त्याला वाढवायचं तर हवाबंद बरणीत, रक्त घातलेल्या आगरावर (जंतू वाढवायची जेली). काही दिवस काही दिसत नाही. मग बरणी उघडली की आधी वास येतो आणि नंतर वसाहती दिसतात. वास म्हणजे नाल्यावरचा पूल आठवा. वसाहती सुरुवातीला फिकट असतात, मग तपकिरी होतात आणि शेवटी डांबराच्या थेंबासारख्या काळ्या कुळकुळीत. तो काळा रंग आपल्या रक्तातल्या लोहाचा. हा प्राणी हिमोग्लोबिन फोडून त्यातला हीम, म्हणजे लोहवाला भाग, अंगाला माखून घेतो. नावातलं 'पोर्फिरा' म्हणजे ग्रीकमध्ये जांभळा, ते त्यावरूनच.

आणखी एक गंमत. याला साखर लागत नाही. दात किडवणारे जंतू वेगळे, ते साखर खाऊन आम्ल सोडतात. पोजि जगतो प्रथिनांच्या तुकड्यांवर. म्हणून ज्याला एकही कीड नाही अशा माणसाच्या हिरड्या पार गेलेल्या असू शकतात, आणि उलटही.

आता हत्यारं. व्हिरुलन्स फॅक्टर म्हणजे जंतूला चिकटायला, खायला, लपायला आणि आपल्या शिपायांना चकवायला मदत करणारी साधनं. पोजिकडची मुख्य तेवढी सांगते.

चिकटण्यासाठी त्याच्या अंगावर बारीक केसांसारखे तंतू असतात, फिंब्रिए. त्यांनी तो हिरडीच्या पेशींना आणि आधीच बसलेल्या दुसऱ्या जंतूंना धरतो. या तंतूंचे प्रकार आहेत, आणि काही प्रकार आजारी हिरड्यांतच जास्त सापडतात.

खाण्यासाठी जिंजिपेन. हे खरं ब्रह्मास्त्र. ही प्रथिनं कापणारी विकरं आहेत, एकूण तीन. प्रथिन म्हणजे मण्यांची माळ समजा, तर दोन विकरं आर्जिनिन या मण्यापाशी कापतात आणि एक लायसिनपाशी. काय काय कापतात? अँटिबॉडी कापतात, पेशी एकमेकींना धोक्याचा निरोप पाठवतात ते निरोप कापतात, रक्त गोठवणारं फायब्रिनोजेन कापतात. म्हणजे जखम नीट गोठत नाही, रक्त झिरपत राहतं, आणि रक्त हेच तर त्याचं जेवण. ब्रश केल्यावर बेसिनमध्ये गुलाबी दिसतं ना, ते बघताना एवढं आठवा.

लपण्यासाठी काही वाणांभोवती शर्करेचं आवरण असतं. आणि चकवण्यासाठी त्याच्या बाहेरच्या भिंतीतला लिपोपॉलिसॅकराइड. बहुतेक जंतूंचा हा पदार्थ दिसला की आपलं शरीर लगेच बोंब मारतं. पोजि आजूबाजूला लोह किती आहे त्याप्रमाणे त्याची घडण बदलतो, आणि त्यातली एक घडण ती बोंबच दाबून टाकते.

तो एकटा नसतो. ट्रेपोनेमा डेंटिकोला नावाचा एक स्प्रिंगसारखा वळवळणारा आणि टॅनेरेला फोर्सिथिया नावाचा तिसरा, हे बहुधा त्याच्या सोबत सापडतात. १९९८ साली सॉक्रान्स्की यांनी हिरडीखालच्या जंतूंचे रंगवार गट पाडले, त्यात या तिघांना लाल गट म्हटलं. टॅनेरेला तर स्वतःच्या भिंतीची एक वीटही स्वतः बनवू शकत नाही, शेजाऱ्यांकडून उचलतो.

टवाळ_मावळा | मंगळवार, दुपारी २:४१

म्हणजे सोसायटीत असतो तसाच. पाण्याची मोटर शेजाऱ्यांची, मेंटेनन्स थकलेला.

घननीळ | मंगळवार, दुपारी ३:१५

लेख उत्तम. पण 'व्हिरुलन्स'ला आपल्याकडे 'उग्रता' हा चांगला शब्द आहे. उग्रताकारक घटक म्हणा की.

टवाळ_मावळा | मंगळवार, दुपारी ३:१८

'उग्रताकारक घटक' म्हटलं की मला आमचे गणिताचे सर आठवतात. हत्यारंच बरी.

कोकमसरबत | मंगळवार, सायंकाळी ६:५०

ताई, कमाल लिहिलंत. बायकोला वाचून दाखवलं, ती म्हणाली जेवायच्या आधी नको होतं.

एक शंका. म्हणजे माझ्या तोंडात हे पोजि खच्चून भरलेले आणि बाबांच्या तोंडात अजिबात नाहीत, असं आहे का?

आगर_प्लेट | मंगळवार, रात्री १०:०५

नाही, आणि खरी मेख इथेच आहे. आम्हालाही बरीच वर्षं असंच वाटायचं की पुष्कळ पोजि म्हणजे पुष्कळ नुकसान. २०११ साली हजिशेंगॅलिस आणि सहकाऱ्यांनी उंदरांवर एक प्रयोग छापला. उंदरांच्या तोंडात पोजि सोडले. एकूण जंतूंमध्ये त्यांचं प्रमाण ०.०१ टक्क्याहूनही कमी राहिलं. तरी जबड्याचं हाड झिजलं. मग तेच पोजि अशा उंदरांच्या तोंडात सोडले ज्यांच्या अंगात जन्मापासून एकही जंतू नव्हता. तिथे हाडाला काहीच झालं नाही.

थोडक्यात, पोजि स्वतः हाड खात नाही. तो वातावरण बिघडवतो. आपल्या रक्तात जंतू मारणारी 'कॉम्प्लिमेंट' नावाची साखळी असते. पोजि त्यातला सी-५ हा दुवा अशा जागी कापतो की सूज वाढवणारा तुकडा सुटतो आणि जंतूला भोक पाडणारा तुकडा निकामी होतो. पांढऱ्या पेशी धावत येतात, पण त्यांची मारायची कळच बंद केलेली असते. सूज मात्र चालू. सुजेतून प्रथिनं झिरपतात, त्यावर बाकीचे गरीब, निरुपद्रवी जंतूही पोसले जातात आणि माजतात. ज्या उंदरांमध्ये त्या सी-५च्या तुकड्याला ओळखणारी कडीच नव्हती, त्यांचं हाड शाबूत राहिलं.

आणि हाड शेवटी कोण खातं? आपल्याच हाडातल्या पेशी. सततच्या सुजेमुळे हाड विरघळवणाऱ्या पेशींना हुकूम जात राहतो. शरीर आगीपासून लांब पळतंय असं समजा, हाड मागे घेत घेत.

शंकासुर | बुधवार, सकाळी ८:०२

म्हणजे गावात भांडण लावून स्वतः पारावर बसणारा माणूस.

आगर_प्लेट | बुधवार, सकाळी ८:३०

@शंकासुर, मी तीन परिच्छेद लिहिले ते उगाच.

वैद्यबुवा | बुधवार, सकाळी ११:४५

सुश्रुतसंहितेत निदानस्थानाच्या सोळाव्या अध्यायात मुखरोग आहेत. त्यात दातांच्या मुळाशी होणारे रोग वेगळे काढले आहेत. शीताद म्हणजे हिरड्यांतून अकस्मात रक्त, दुर्गंधी, हिरड्या मऊ पडणं. दंतवेष्ट म्हणजे पू आणि रक्त येतं आणि दात हलतात. उपकुशात दाह आणि पाक, म्हणजे पिकणं. वर्णन आजच्या पायरियाशी किती जुळतं बघा. उपचारात रक्तमोक्षण, चूर्णांनी घर्षण, गंडूष (औषधी द्रव तोंडात धरणं) हे सांगितलं आहे. दातावरची शर्करा, म्हणजे किटाचा दगड, मुळाला धक्का न लावता काढावी असंही सांगितलं आहे, म्हणजे क्लीनिंगला विरोध करणाऱ्यांनी आमचा आधार घेऊ नये. गोदाकाठ, तुम्हालाच म्हणतोय.

घरगुती म्हणाल तर त्रिफळ्याच्या काढ्याने गुळण्या. हिरड्यांना हिरडा.

टवाळ_मावळा | बुधवार, सकाळी ११:५०

आणि बेहड्याला बेहडा कोण देणार?

दंतकथा | बुधवार, दुपारी १:२०

वैद्यबुवांशी भांडायला आले होते, पण शर्करा काढण्याच्या मुद्द्यावर गळ्यातच पडावंसं वाटतंय. गुळण्या करा, हरकत नाही. फक्त एक लक्षात ठेवा, गुळणीचं पाणी सहा मिलिमीटर खोल फटीत उतरत नाही. तिथे हत्यारच घालावं लागतं.

रंकाळा | बुधवार, रात्री ९:३०

राखुंडीचा विषय निघालाच आहे तर आमच्याकडचं सांगते. आमच्या आजीची राखुंडी नव्हती, मशेरी होती. तव्यावर तंबाखूची पानं टाकायची, काळी होईस्तोवर परतायची. घरभर धूर, आम्ही पोरं खोकत बाहेर अंगणात. गार झाली की हाताने चुरायची आणि पत्र्याच्या डबीत भरायची. सकाळी एकदा, दुपारी भांडी झाल्यावर एकदा, रात्री एकदा. दात घासणं हे निमित्त, तलफ खरी. आजीला कुणी तंबाखू खाते म्हणालं तर ती भांडायला उठायची. "मी तंबाखू खात न्हाई, दात घासती."

तिच्या हिरड्यांतून कधी रक्त आलेलं आम्ही पाहिलं नाही. ती तेच सांगायची, मशेरीने हिरड्या घट्ट होतात. आणि पंचावन्नला पोचेपर्यंत वरचे सगळे दात गेले, एकेक करून, न दुखता. हातात घेऊन दाखवायची. हे कसं काय? रक्त नाही मग दात का गेले?

दंतकथा | बुधवार, रात्री १०:१०

रंकाळा, हे आमच्या विद्यार्थ्यांना वाचून दाखवायला हवं.

तंबाखूतल्या निकोटिनने हिरडीतल्या बारीक रक्तवाहिन्या आवळल्या जातात. विडी-सिगारेट ओढणाऱ्यांत हे पक्कं दिसतं. हिरडी फिकट आणि घट्ट दिसते, रक्त कमी येतं, आणि आत हाड मात्र जास्तच वेगाने जातं. धोक्याची घंटाच काढून ठेवल्यासारखं. तंबाखू सोडलेला माणूस महिन्याभराने येतो आणि म्हणतो, डॉक्टर, सोडल्यापासून उलट रक्त यायला लागलंय, परत सुरू करू का? त्याला समजावणं हे माझ्या कामातलं सगळ्यात अवघड काम.

याच माळेतलं दुसरं म्हणजे साखर. मधुमेह ताब्यात नसेल तर हिरड्या लवकर जातात, आणि हिरड्यांची सूज असेल तर साखर ताब्यात राहत नाही. दोन्हीकडून. हिरड्यांचे उपचार केल्यावर तीन-चार महिन्यांत एचबीएवनसी (गेल्या तीनेक महिन्यांच्या साखरेचा अंदाज देणारा आकडा) सरासरी ०.४ टक्के-अंकांच्या आसपास खाली येतो असं एकत्रित अभ्यासांतून दिसलं आहे. कोकमसरबत, तुमची शेवटची साखर कधी तपासली?

कोकमसरबत | बुधवार, रात्री १०:३२

इन्शुरन्सच्या वेळी. २०१९.

दंतकथा | बुधवार, रात्री १०:३३

उद्या सकाळी उपाशीपोटी जा.

शंकासुर | गुरुवार, सकाळी ७:५५

व्हॉट्सॲपवर आलं होतं की हिरड्यांच्या जंतूंमुळे अल्झायमर होतो. यातलं खरं किती? आणि एकाच जातीचे सगळे जंतू सारखेच उग्र असतात का?

आगर_प्लेट | गुरुवार, दुपारी १२:४०

अल्झायमरचं आधी. २०१९ साली अल्झायमर झालेल्यांच्या मेंदूच्या नमुन्यांत जिंजिपेन सापडल्याचं एका शोधनिबंधात आलं आणि सगळीकडे बातम्या झाल्या. त्याच तर्काने जिंजिपेन बंद पाडणारं औषध माणसांवर तपासलं गेलं. २०२१ मध्ये निकाल आला, ठरवलेली मुख्य उद्दिष्टं गाठली गेली नाहीत. मेंदूत सापडणं आणि त्यामुळेच रोग होणं यात पुष्कळ अंतर आहे. व्हॉट्सॲपवर २०१९ फिरतं, २०२१ फिरत नाही. संधिवाताशी नातं जोडणारी एक वाट मात्र मला जास्त लक्ष देण्यासारखी वाटते. पोजिकडे प्रथिनांची घडण बदलणारं आणखी एक विकर आहे, आणि संधिवातात शरीर नेमकं अशा बदललेल्या प्रथिनांवर चिडलेलं असतं. ते अजून चर्चेतच आहे.

दुसरा प्रश्न झकास. सारखे नसतात. उदाहरण दुसऱ्या जंतूचं देते. ॲग्रिगॅटिबॅक्टर ॲक्टिनोमायसेटेमकॉमिटन्स. (हे नाव तोंडी परीक्षेत न अडखळता म्हणून दाखवलं होतं, अजून अभिमान आहे.) त्याचं हत्यार ल्यूकोटॉक्सिन, थेट पांढऱ्या पेशींना मारणारं विष. त्याच्या जेपी-२ नावाच्या वाणात जनुकाच्या आधीचा ५३० अक्षरांचा तुकडा गळालेला आहे. तो तुकडा म्हणजे विषाच्या नळाची तोटी होती असं समजा. तोटी गेली, नळ वाहायला लागला. मोरोक्कोमधल्या किशोरवयीन मुलांवर दोन वर्षं लक्ष ठेवून केलेला अभ्यास २००८ साली आला. ज्यांच्या तोंडात फक्त हा वाण होता, त्यांना दातांचा आधार गमावण्याचा धोका हा जंतू नसलेल्यांच्या अठरापट निघाला. त्याच जंतूचे साधे वाण असलेल्यांना तिप्पट.

गोदाकाठ | गुरुवार, दुपारी २:००

मग सोपं आहे ना. एक अँटिबायोटिकचा कोर्स घ्यायचा, सगळे मरतील. क्लीनिंगचा खर्च वाचला.

दंतकथा | गुरुवार, दुपारी ३:३०

गोदाकाठ, तुमच्या मोरीत बुळबुळीत थर धरला तर त्यावर बादलीभर फिनेल ओतून तो निघतो का? वरवर वास जातो. काथ्या घेऊन घासावंच लागतं. हिरडीखालचा थर तसाच. जंतू एकमेकांना चिकटून, चिकट आवरणात बसलेले असतात, औषध आतपर्यंत पोचत नाही. थर खरवडल्यावर काही निवडक रुग्णांना जोडीला अँटिबायोटिक देतो आम्ही, पण खरवडण्याऐवजी नाही. केमिस्टकडून आपल्या मनाने तर नाहीच नाही.

आता कोकमसरबत यांचे बाबा. इतक्या वेळ मी हे हातचं राखून ठेवलं होतं. १९७० पासून पंधरा वर्षं श्रीलंकेतल्या चहामळ्यांत काम करणाऱ्या ४८० मजुरांच्या हिरड्या ठरावीक काळाने तपासल्या गेल्या. पुन्हा तेच हॅरल्ड लो. या मजुरांना दातांचा डॉक्टर माहीत नव्हता आणि दात घासायची पद्धतच नव्हती. सगळ्यांच्या दातांवर भरपूर थर, सगळ्यांच्या हिरड्या सुजलेल्या. तरी ८ टक्क्यांची हाडं झपाट्याने गेली, पंचेचाळिशीपर्यंत दातच उरले नाहीत. ८१ टक्क्यांची मध्यम गतीने. आणि ११ टक्के लोकांना हिरडी सुजण्यापलीकडे काही झालं नाही.

न घासता, न औषध घेता, ११ टक्के. तुमचे बाबा बहुधा त्यांच्यातले.

सायलीची_वेल | गुरुवार, रात्री ८:१५

सगळा धागा वाचला. एकच विचारते. बाबांच्या दातांवर इतकं लिहिलंत. आईचे दात कसे होते?

कोकमसरबत | गुरुवार, रात्री ११:४०

सायली, तुमचा प्रश्न वाचून बराच वेळ फोन बाजूला ठेवून बसलो होतो.

आईची कवळी होती. रात्री स्टीलच्या भांड्यात, फ्रिजवर, वरून ताटली. मी दहावीत होतो तेव्हा नवीन करून आणली होती, म्हणजे आई तेव्हा ४६ ची असणार. त्याआधी ती तोंडावर पदर धरून हसायची, ते मला लाजणं वाटायचं. तीसुद्धा राखुंडीच लावायची, बाबांच्याच डबीतली. आम्ही घरात बाबांच्या दातांची गोष्ट पाहुण्यांना शंभरदा सांगितली असेल. आईच्या दातांची गोष्ट अशी काही नव्हतीच.

टवाळ_मावळा | गुरुवार, रात्री ११:५८

...

रंकाळा | शुक्रवार, सकाळी ६:४५

आमच्याकडे पण. आजोबांचे दात सगळ्यांना पाठ. आजीच्या दातांची मोजदाद मी बुधवारी इथे लिहिताना पहिल्यांदा केली.

दंतकथा | शुक्रवार, सकाळी ९:२०

हिरड्या किती चिडतात यात आनुवंशिकतेचा वाटा असतो, आणि एका घरात राहणाऱ्यांच्या तोंडातले जंतूही लाळेतून इकडचे तिकडे होतात. तुम्ही आईकडचं तोंड घेऊन आला असाल. भावंडं आहेत का?

कोकमसरबत | शुक्रवार, सकाळी ९:४१

बहीण. ३८ ची.

घननीळ | शुक्रवार, दुपारी १२:३०

अवांतर: 'कवळी' हा शब्द आता नव्या पिढीला माहीत नाही. माझा मुलगा डेंचर म्हणतो.

टवाळ_मावळा | शुक्रवार, दुपारी १२:४४

आमचे काका एसटीत शिंकले आणि कवळी खिडकीबाहेर. कंडक्टरने सज्जनपणाने बस थांबवली, अर्धी गाडी उतरून शोधत होती. सापडली ती खालची. वरची अजून खंबाटकी घाटात आहे.

कोकमसरबत | ३ महिन्यांनंतर, रविवार, सायंकाळी ५:१०

धागा वर आणतोय, हिशेब द्यायचा होता.

चार सिटिंग झाली. भूल देऊन, एकेक बाजू. आतून खरवडल्याचा आवाज कवटीत घुमतो, पाटीवर खिळा ओढल्यासारखा, पण दुखत नाही. काढलेला एक तुकडा बाईंनी गॉजवर ठेवून दाखवला. पिवळा असेल असं वाटलं होतं, तो काळसर हिरवा होता. आगर_प्लेट ताईंच्या वसाहती आठवल्या. बाई म्हणाल्या, हिरडीखालचा दगड असाच गडद असतो, रक्तातला रंग मुरतो त्यात. नंतर दोन दिवस गार पाण्याने दात सळसळले. उपाशीपोटी साखर ११८ आली, म्हणजे काठावर. दातांच्या मधल्या फटींसाठी बाटली धुवायच्या ब्रशचं पिल्लू वाटावं असा एक ब्रश दिला आहे, रात्री दहा मिनिटं त्यात जातात. परवा पुन्हा मोजलं. सहाच्या जागी चार, पाचाच्या जागी तीन. चारवाली जागा अजून रक्त देते, तिच्यावर लक्ष ठेवणार आहेत.

बाबांनाही घेऊन गेलो होतो. आयुष्यात पहिल्यांदा त्या खुर्चीत. २७ दात स्वतःचे. राखुंडीने घासून घासून मुळांशी खाचा पडल्या आहेत, हिरड्या थोड्या खाली गेल्या आहेत, पण सळई कुठेही तीनच्या पुढे गेली नाही. उठताना बाईंना म्हणाले, "हिच्या सासूचे असेच असते तर," आणि माझ्या बायकोकडे बघून गप्प झाले.

बहीण हो-नाही करत काल गेली. तिचं रक्त कधीच येत नाही, दुखत तर काहीच नाही. मी बाहेरच्या बाकावर होतो, दार अर्धवट उघडं होतं. "दोन, तीन, दोन. तीन, तीन, चार." मग जरा थांबून, "पाच."

गुरुवारी तिचं पहिलं सिटिंग आहे.